टाचणीखालचा अर्ज

आमच्या भागातल्या कुठल्याही गल्लीत शिरा आणि दारांवरचे नंबर बघत चला. बहुतेक नंबर बघून न बघितल्यासारखेच असतात. मध्येच एखादा असा येतो की पाय थांबतो. शून्य असं, की त्यात पाणी ओतलं तर गळणार नाही. एकच्या काठीला कुठे पोक नाही. दोन आकड्यांमधली जागा मोजून ठेवल्यासारखी. तो नंबर पाटीवालीच्या हातचा. सगळे तिला पाटीवाली म्हणत, तीही स्वतःला तेच म्हणे. दुकानांच्या पाट्या, शाळेतल्या वर्गांची नावं, दवाखान्यातलं ‘शांतता राखा’, सगळं ती करी. पण आकडे लिहायला घेतले की तिचा चेहरा बदले. अक्षरं ती पोटासाठी लिहायची, आकडे स्वतःसाठी.

तिला व्हायचं होतं वेगळंच. ती ते झाली नाही याला जी माणसं कारण आहेत त्यांत मी एक आहे, म्हणून हे मीच लिहिलेलं बरं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर मला सांभाळून घेईल, आणि मला सांभाळून घेतलेलं खपत नाही.

मी दाबमापकं बनवणाऱ्या कारखान्यात होते, नोकरभरतीच्या खात्यात, तेहतीस वर्षं. दाबमापक म्हणजे बॉयलरवर, पंपावर बसवलेलं घड्याळासारखं गोल यंत्र. वाफेचा दाब वाढला की काटा पुढे सरकतो. काट्याखालच्या पांढऱ्या चकतीला डायल म्हणतात. नेहमीच्या मापांच्या डायल छापून यायच्या, पण खास मापांच्या हातानं लिहाव्या लागत. तीन-चार केसांचा ब्रश, काळा रंग आणि न थरथरणारा हात. त्या खात्यात सात माणसं होती. त्यातलं एक निवृत्त झालं आणि आम्ही पेपरात जाहिरात दिली. चौदा जण आले. त्यात बाई एकच, वय चोवीस.

मला नोकरीत तेव्हा दुसरं वर्ष होतं. कॉलेजात मानसशास्त्र शिकून आले होते आणि इथे माणसांना नंबर वाटत होते. तिला दिला सात.

उमेदवारांना बोलावलं होतं दहाला. सुरुवात झाली साडेबाराला, कारण मोठे साहेब बैठकीत होते. बैठक नव्या पडद्यांच्या रंगाबद्दल होती, हे मला नंतर कळलं. चौदा माणसं जिन्याखालच्या बाकावर. बाक सात जणांचा, पाठ नसलेला. उरलेले सात भिंतीला टेकून, आणि भिंतीला नुकताच चुना दिलेला. मुलाखतीसाठी इस्त्री केलेले शर्ट पाठीवर पांढरे झाले. पाणी आतल्या बाजूला, आणि बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. बाईमाणसाने मोरीची सोय विचारायची ती दारावरच्या शिपायाला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचा. सात नंबरने विचारलंच नाही. तिने सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं.

हे सगळं मी पाहत होते. कुणाला वाईट वागवायचं असं कुणाच्या मनात नव्हतं, हेही सांगते. नोकरी मागायला आलेला माणूस थांबतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

चाचणी वरच्या मजल्यावर, डायलखात्यात झाली. प्रत्येकाला एक कोरी चकती, मागे उमेदवाराचा नंबर आणि तारीख सुईने कोरलेली. वेळ एक तास. शून्यापासून शंभरापर्यंत आकडे आणि रेघा. तेरा जणांनी शून्यापासून सुरुवात केली, जशी कुणीही करेल. सातव्या उमेदवाराने ब्रश बुडवला आणि आधी वर मधोमध पन्नास लिहिलं.

खात्याचे फोरमन तिच्या मागे येऊन उभे राहिले. पिकल्या मिशांचा, तिरकस बोलणारा माणूस.

“ओ बाई, घरी मोजायला शिकवलं नाही का? आधी शून्य येतं.”

“येतं,” ती मान वर न करता म्हणाली. “पण शून्यापासून निघालं की शंभरला पोचेपर्यंत जागा संपते. मधून निघालं की दोन्हीकडे सारखी उरते.”

“हे कुणी सांगितलं?”

“आईनं. ती शिवते. शर्टाच्या पट्टीवर काजं आखताना मधलं आधी आखतात.”

पलीकडच्या टेबलावर एकाचे नव्वद आणि शंभर एकमेकांच्या मांडीवर बसले होते. फोरमन ते बघून आले आणि पुन्हा तिच्यामागे उभे राहिले.

मग मुलाखत. चार मिनिटं. घरात कमावतं कोण, लग्न ठरलंय का, ठरलं तर नोकरी सोडणार का. डायलबद्दल एक अक्षर नाही. तिची चकती टेबलावर होती, आणि साहेबांनी चहाचा कप तिच्यावर ठेवू नये म्हणून मी ती बाजूला सरकवली. त्या दिवशी मी तिच्यासाठी केलं ते एवढंच.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “कळवतो.”

कधी कळवणार ते नाही. काय कळवणार तेही नाही.

फोरमननी दोन नंबर दिले. पहिला एक तरुण, त्याने चाळीस मिनिटांत डायल संपवली होती. दुसरी सात. “हात सातचा,” फोरमन मला म्हणाले, “पण साहेबांना वेग पाहिजे. घ्या लिहून.” मी लिहून घेतलं.

आता आमच्या खात्याची पद्धत सांगते. पहिल्या नंबरला पत्र जायचं. तिसऱ्यापासून पुढच्यांना काहीच जायचं नाही. त्यांचे अर्ज आठवड्यात रद्दीत. दुसऱ्या नंबरचा अर्ज मात्र पहिल्याच्या अर्जाखाली टाचणीने लावून ठेवायचा. पहिला माणूस सहा महिने टिकला की टाचणी काढायची. तोवर दुसऱ्याला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल आणि आपली सोय जाईल. ही पद्धत कुणी काढली कुणाला माहीत नव्हतं. ती चांगली आहे का असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

सहा महिने झाले. टाचणी मी माझ्या हाताने काढली. टाचणी डबीत टाकली आणि अर्ज रद्दीत. टाचणी पुन्हा वापरता येते.

त्यानंतर विसाव्या दिवशी तो वेगवान तरुण जास्त पगारावर दुसरीकडे निघून गेला. पुन्हा जाहिरात दिली. सात नंबर आठवला मला, खोटं का बोलू. पण पत्ता रद्दीत गेला होता. म्हटलं, जाहिरात बघेल आणि येईल. इतका चांगला हात असलेली बाई घरी बसेल का? ती आली नाही. मी मनात म्हटलं, गरज नसेल. त्यानंतर तिला विसरले.

बावीस वर्षांनी कारखान्याची नवी इमारत झाली आणि खोल्यांवर पाट्या लिहायला खरेदीवाल्यांनी पाटीवालीला बोलावलं. मी तोवर खात्याची प्रमुख झाले होते. उमेदवारांच्या खोलीची पाटी कशी होतेय बघायला गेले. बाई स्टुलावर, शेहेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, बोटांच्या पेरांत रंग. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं. पाटीवर ‘उमेदवारांनी येथे’ एवढं लिहून झालं होतं.

“‘थांबावे’ जरा मोठं काढू का?” तिने न वळता विचारलं.

“का?”

“मुख्य काम तेच ना इथलं.”

मी हसले. मला वाटलं, बाई गमतीदार आहे. तिने ‘थांबावे’ लिहून पुरं केलं, ब्रश पुसला, स्टुलावरून उतरली आणि साडी नीट केली. मग म्हणाली, “बाई, एक विचारू? तुमच्याकडे माझा एक अर्ज आहे.”

“कोणत्या खात्यात?”

“डायलच्या.”

“कधी दिला होता?”

“बावीस वर्षं झाली.” माझा चेहरा बघून तिने घाईघाईने जोडलं, “घाई नाही हो काही. इथे आलेच आहे, म्हणून विचारलं.”

ती थट्टा करत नव्हती. मी तिला माझ्या खोलीत नेलं, पाणी दिलं. ते तिने एका दमात संपवलं आणि रिकामा पेला मांडीवर धरून सगळं सांगितलं. रडगाणं नव्हतं. एखादी पाटी कशी बिघडली ते सांगावं तसं.

मुलाखतीनंतर महिन्याभरात तिला एका शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा सांगून आली होती. तिने पंधरा दिवस मागितले. मग आणखी पंधरा दिवस. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तोवर आमच्या मुलांनी गोल काढायचे थांबवू का?” आई म्हणाली, घे ती नोकरी. हिचं एकच, “त्यांनी कळवतो म्हटलंय. मी इकडे लागले आणि तिकडचं पत्र आलं, तर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?” शाळेने दुसरी बाई घेतली.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“तेव्हा नाही. तेव्हा वाटलं, बरं झालं, आता मोकळी आहे. पत्र आलं की लगेच रुजू होता येईल.”

ती, आई, भाऊ आणि भावजय दोन खोल्यांत राहत. पोस्टमन गल्लीत शिरला की भावजय ओरडे, “वन्सं, उठा! राजवाड्यातून बोलावणं आलंय, पालखी कुठे उभी करू?” पहिल्या वर्षी सगळे हसत, हीसुद्धा. दुसऱ्या वर्षी फक्त भावजय हसे. तिसऱ्या वर्षी तीही थांबली आणि नुसतंच म्हणू लागली, “आज काही नाही हो, वन्सं.” पाटीवाली म्हणाली, “ती चिडवायची ते बरं होतं.”

“आमची दुसरी जाहिरात आली ती बघितली नव्हती का?”

“बघितली की. कापून ठेवलीय.” आणि तिने सांगितलं, तेव्हा भाऊ म्हणाला होता, अगं, टाक परत अर्ज. तिने टाकला नाही. “एक दिलेला होता ना. परत दिला तर तुम्हाला वाटलं असतं, हिला आपल्या शब्दाचा भरवसा नाही.”

ज्या कागदाच्या जोरावर ती बसली होती तो मी त्या जाहिरातीआधीच रद्दीत घातला होता.

पुढे आई गेली. भावाने शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं घर घेतलं, तिच्यासाठी खोली काढली, खिडकीची. ती गेली नाही. भाऊ रागावला, भावजय रडली, आणि ती खरंच रडली, कारण तोवर दोघींचं छान जमलं होतं. पण अर्जावर पत्ता जुन्या खोलीचा होता. “पत्ता बदलला तर पत्र कुठे येणार?” भावाला हे कारण तिने कधी सांगितलं नाही. म्हणाली, मला इथलं पाणी मानवतं. लग्नाचं मी विचारलं नाही. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी विचारावं.

“एवढं काय होतं हो आमच्या नोकरीत?” मी जरा तडकूनच म्हटलं. माझा स्वभाव आहे. अपराधी वाटलं की मी आधी तडकते.

तिने पेला खाली ठेवला. “ती खोली,” ती म्हणाली. “डाव्या हाताला मोठी खिडकी, खाली उतरती टेबलं. सहा जण ओळीने बसलेले आणि कुणी बोलत नव्हतं. रेघ ओढताना सगळे श्वास धरायचे आणि ब्रश उचलला की सगळे एकदम सोडायचे. मला तोवर वाटायचं, असा श्वास मीच धरते. आई म्हणायची, काय खुळ्यासारखी करतेस. तिथे गेल्यावर कळलं, माझ्यासारखी सहा माणसं आहेत.” मग म्हणाली, “तासभरच होते. घरी आल्यावर टेबलाच्या मागच्या पायांखाली दोन विटा घातल्या. तेवढाच उतार येतो. खिडकी मात्र उजवीकडे आहे.”

बावीस वर्षं ती उजव्या खिडकीच्या उजेडात, हाताच्या सावलीत लिहीत आली होती. टेबल फिरवायला जागा नव्हती आणि घर बदलायचं नव्हतं.

ती वाट कसली बघते आहे ते मला समजत नव्हतं. नोकरीची नक्कीच नाही, ती खुळी नव्हती. म्हणून सरळ विचारलं, “आता तुम्हाला काय पाहिजे?”

“माझी डायल चांगली होती की नव्हती, तेवढं कळवा,” ती म्हणाली. “तुम्ही कळवतो म्हणाला होतात.”

दुसऱ्या दिवशी मी जुनं रजिस्टर काढलं. सातपुढे माझ्याच अक्षरात एक शब्द होता: राखीव. तेवढ्यावरून तिला काय सांगायचं? डायलखात्यात गेले. खातं आता मरणपंथाला लागलेलं. यंत्रं कुठलंही माप छापू लागली होती. दोनच माणसं उरली होती आणि फोरमन म्हणजे त्या काळच्या सहांतला सगळ्यात धाकटा. तोही आता चष्म्यातला.

“बावीस वर्षांपूर्वीच्या चाचणीच्या चकत्या कुठे असतील?”

“भट्टीत,” तो म्हणाला. “रंग उतरवून परत वापरल्या. एवढी जुनी आमच्याकडे एकच डायल आहे, ती मास्तरीण.” आणि खिडकीशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक डायल टांगलेली होती, जरा पिवळी पडलेली. “नवा माणूस आला की महिनाभर ही समोर ठेवून लिहायचं, असा जुन्या फोरमनचा कायदा. सगळे हिच्याकडेच शिकलो. म्हणून मास्तरीण.”

“लिहिलीय कुणी?”

“त्यांनीच असेल. कधी विचारलं नाही.”

मी म्हटलं, काढा. त्याने खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. मी उलटी केली. मागे सुईने कोरलेली तारीख होती, आणि सात.

मी तिथल्या स्टुलावर बसले. फोरमन म्हणाला, “बाई, चक्कर आली का?” मी म्हटलं, “आली. गप्प बसा जरा.”

नवे साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांना सांगितलं की मी या उमेदवाराला कळवणार आहे.

“बाई, जुनं कशाला उकरता? तोंडी सांगा काय ते. लेखी देऊ नका. उद्या हक्क सांगेल, कोर्टात जाईल.”

“साहेब, ती कोर्टात गेली असती तर एव्हाना निकाल तरी लागला असता.”

ते हसले. हसणं ही परवानगी धरायची, हे मी तेवढ्या नोकरीत शिकले होते.

पत्र मी कारखान्याच्या कागदावर टाइप करून घेतलं. तिच्या अर्जाचा विषय, चाचणीची तारीख, आणि खाली: ‘आपण लिहिलेली डायल चौदा उमेदवारांमध्ये सर्वोत्तम होती. आपले नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवून आपणास काहीही कळवले नाही, ही आमची चूक. ती डायल तेव्हापासून आमच्या खात्यात नमुना म्हणून लावलेली असून सर्व कारागीर तिच्यावरून शिकले आहेत. आता ही जागा उरलेली नाही.’ सही माझी. खरेदीवाल्यांकडून पत्ता घेतला तेव्हा कळलं, तिची खोली माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती. हातात नेऊन देता आलं असतं. पण तिने वाट पाहिली होती ती पोस्टमनची. म्हणून रजिस्टर करून टपालात टाकलं.

चार दिवसांनी ती उरलेल्या पाट्या लिहायला आली. मी जाऊन उभी राहिले. तिने आधी एक पूर्ण ओळ लिहून संपवली.

“पत्र आलं,” मग म्हणाली.

“हं.”

“पोस्टमन म्हणाला, सही करा. मी ओरडले, वहिनी, आलं! आणि मग आठवलं, ती तिकडे राहते.”

मी काहीतरी म्हणणार होते. तिने ब्रश वर केला, म्हणजे थांबा.

“खरं लिहिलंत. उपकार झाले. पण बाई, नापास लिहिलं असतंत ना, तर बरं झालं असतं. नापास मी पचवलं असतं. घरी जाऊन स्वतःला सांगितलं असतं, बघ, उगाच बसलीस, जमणारच नव्हतं. आता काय सांगू? चार दिवस झाले, सकाळी डोळे उघडले की मी त्या टेबलाशी असते. सहा जणांत. डबे उघडलेत, कुणीतरी मला म्हणतंय, सरक जरा. चोवीसची असते मी.” तिचा आवाज जराही चढला नाही. “तेव्हाच लिहायचं होतं हो. एकच शब्द, नाही. मी एक दिवस रडले असते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले असते.”

“चुकलं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली.

बरं झालं ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही.

ब्रश धुऊन झाल्यावर तिने खोली बघायची आहे म्हणून सांगितलं. मी तिला जुन्या इमारतीत वर नेलं. चार टेबलं काढून तिथे खोके रचले होते. खिडकी होती आणि तिच्याखाली दोन टेबलं. ती दारातच थांबली. मग जाऊन बसली, पण दोन्ही टेबलांपैकी एकावरही नाही. खोक्यांच्या जागी, मागून दुसरं टेबल जिथे होतं तिथे, एक खोका सरकवून त्यावर. “मी इथे बसले होते,” म्हणाली. उजेड डावीकडून तिच्या हातांवर पडला आणि तिने हात थोडे पुढे घेतले, ऊन शेकावं तसे.

फोरमनने मास्तरीण आणून तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला, हळूहळू फिरवली.

“पंचाहत्तरची रेघ केसभर जाड झालीय,” ती म्हणाली. “तिथे पोचले तेव्हा फार तहान लागली होती. हात एकदा हलला.”

फोरमनने चष्मा काढला. “पंचाहत्तरची?” त्याने आपल्या टेबलावरची अर्धी झालेली डायल उचलली, मग कपाटातली एक, मग दुरुस्तीला आलेली एक जुनी. तिन्ही तिच्यापुढे ठेवल्या. तिन्हींवर पंचाहत्तरची रेघ केसभर जाड. “आम्ही समजत होतो, तशीच काढायची असते,” तो म्हणाला. “जुने फोरमन म्हणायचे, जशी आहे तशी उतरवा, शहाणपणा नको.”

बावीस वर्षं आमच्या कारखान्यातून हाती लिहिलेली जी डायल बाहेर पडली, तिच्यावर त्या सकाळी न दिलेल्या पेलाभर पाण्याची खूण होती. किती बॉयलरवर, किती पंपांवर, देव जाणे. आधी हसली पाटीवालीच, मग फोरमन. मी नाही हसले.

“घरी घेऊन जा ही,” मी तिला म्हटलं. “तुमचीच आहे.”

तिने डायल खिळ्याला परत अडकवली, जरा तिरकी झाली होती ती बोटाने सरळ केली. “नको. राहू दे इथेच. हिला तरी तुम्ही ठेवून घेतलंत.”

खाली येऊन तिने उमेदवारांच्या पाटीपुढे पुन्हा स्टूल मांडलं. पाटी तर झाली होती. मी विचारलं, आता काय? ती म्हणाली, जागा उरलीय. आणि ‘थांबावे’च्या खाली, ओळीच्या मधल्या शब्दापासून सुरू करून दोन्हीकडे सरकत, तिने लिहिलं: ‘उत्तर दहा दिवसांत मिळेल. पाणी डावीकडे.’

साहेबांनी बघितलं तेव्हा विचारलं, हे कुणाच्या हुकमाने? मी म्हटलं, उमेदवार क्रमांक सातच्या. पाटी बदलायची तर तिलाच बोलवावं लागलं असतं, म्हणून राहिली. आणि राहिली म्हणून आम्हाला तसं वागावं लागलं. पहिलं वर्षभर खात्यातल्या मुली माझ्या नावाने बोटं मोडत. चौदा जणांना चौदा पत्रं, आणि ‘नाही’ असेल तर नाहीच लिहायचं, ‘विचाराधीन’ नाही. डबीतल्या टाचण्या मी शिंपीखात्याला देऊन टाकल्या, जिथे कामगारांचे गणवेश शिवत. मग एक गंमत झाली. नाही म्हणून पत्र गेलेली माणसं पुढच्या जाहिरातीला परत येऊ लागली आणि आपल्या भावंडांनाही घेऊन येऊ लागली. साहेबांनी मला विचारलं, असं कसं? मी म्हटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? आपण बोललो तसं वागलो.

डायलखातं दोन वर्षांनी बंद झालं. खोली पाडून जिना रुंद केला. मास्तरीण माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आली, निवृत्त होईपर्यंत तिथे होती.

पाटीवाली त्याच वर्षी शेवटी भावाकडे राहायला गेली, खिडकीच्या खोलीत. जायच्या आदल्या दिवशी खात्यात आली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. सुंदर अक्षरात तिचा नवा पत्ता.

“हा कशाला?” मी विचारलं. “आता तर उत्तर मिळालंय तुम्हाला.”

“हो, मिळालंय,” ती म्हणाली. “तरी असू दे तुमच्याकडे.”

मी जुनं रजिस्टर काढलं आणि सातपुढे तो पत्ता लिहून घेतला.